हरित घराचा खर्च : तुलना नेमकी कशाशी करायची?

२००७ साली ‘वर्ल्ड बिझनेस कौन्सिल फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट’ या संस्थेने जगभरातील सुमारे १,४०० जणांचे सर्वेक्षण केले. हरित इमारत बांधायला नेहमीच्या इमारतीपेक्षा किती जास्त खर्च येतो, या प्रश्नावर मिळालेल्या उत्तरांची सरासरी १७ टक्के निघाली. संस्थेच्या मते प्रत्यक्षातला वाढीव खर्च ५ टक्क्यांच्या आसपास होता. समजूत आणि वस्तुस्थिती यांत तिपटीहून अधिक अंतर होते. हा दाखला हरित बांधकामाच्या बाजूने नेहमी दिला जातो आणि तो खोटाही नाही; परंतु स्वतःचे घर बांधायला निघालेल्या माणसाला १७ टक्के हा आकडा जितका निरुपयोगी आहे, जवळपास तितकाच ५ टक्के हाही आहे. वाढीव खर्च म्हणजे कशापेक्षा वाढीव, तो किती वर्षांच्या हिशेबात धरायचा, आणि घर हरित करण्याचा निर्णय आराखडा काढण्याआधी झाला की पाया भरून झाल्यावर, हे तीन तपशील त्या आकड्यात कुठेच नसतात. फरक मात्र याच तिन्हींवर ठरतो. त्यातली तिसरी गोष्ट, म्हणजे निर्णयाची वेळ, माझ्या मते सर्वांत वजनाची आहे आणि तिचाच विचार सर्वांत उशिरा होतो.

आधी शब्दाविषयी थोडे. छपरावर सौर पॅनेल बसवले की घर हरित झाले, अशी एक सोयीची समजूत आहे. वास्तविक हरित घर म्हणजे असे घर, की जे बांधताना कमी आणि कमी प्रदूषण करणारी सामग्री लागते, जे वापरताना वीज, इंधन आणि पाणी कमी लागते, आणि ज्यात राहणाऱ्यांना स्वच्छ हवा व पुरेसा उजेड मिळतो. यांतील काही गोष्टी विकत घ्याव्या लागतात, तर काही नुसत्या ठरवाव्या लागतात. विकत घेतलेल्या गोष्टी अंदाजपत्रकात ओळीने दिसतात, त्यामुळे ‘हरितपणाचा खर्च’ म्हणून त्यांचीच बेरीज होते. ठरवलेल्या गोष्टींचे बिल येत नाही, म्हणून त्यांनी वाचवलेले पैसे कोणी मोजत नाही. तुलनेतली पहिली गफलत इथेच होते.

कशापेक्षा महाग?

नेहमीचे घर म्हणजे कोणते घर? एकाच आकाराची, एकाच वर्षी बांधलेली, हरितपणाशी काही संबंध नसलेली दोन घरे घेतली, तरी फरशी, नळ, दारे, स्वयंपाकघरातील कपाटे आणि रंग यांच्या निवडीमुळे त्यांच्या खर्चात मोठी तफावत पडू शकते. ‘डेव्हिस लँग्डन’ या बांधकाम-खर्चाचा अभ्यास करणाऱ्या कंपनीने २००७ मध्ये २२१ इमारतींची तुलना केली. त्यांपैकी ८३ इमारती ‘लीड’ या हरित मानांकनासाठी प्रयत्न करणाऱ्या होत्या आणि १३८ तसा प्रयत्न न करणाऱ्या. दोन्ही गटांच्या सरासरी खर्चात लक्षणीय फरक आढळला नाही. स्वस्त हरित इमारती होत्या, महाग हरित इमारती होत्या. स्वस्त साध्या इमारती होत्या, महाग साध्याही होत्या. प्रत्येक गटाच्या आतली तफावत इतकी मोठी होती की दोन गटांमधला फरक तीत हरवून गेला. त्याआधी २००३ मध्ये ग्रेग कॅट्स यांनी कॅलिफोर्निया राज्यासाठी केलेल्या अभ्यासात ३३ हरित इमारतींचा सरासरी वाढीव खर्च २ टक्क्यांहून किंचित कमी आढळला होता. मात्र हे दोन्ही अभ्यास कार्यालये, शाळा, ग्रंथालये अशा इमारतींचे आहेत, राहत्या घरांचे नाहीत. मोठ्या इमारतीत आराखड्याचा आणि सल्ल्याचा खर्च हजारो चौरस मीटरांवर विभागला जातो. एका लहान घरावर तो सगळाच्या सगळा पडतो. म्हणून हे आकडे घराला जसेच्या तसे लावू नयेत.

मोजपट्टीही काळाबरोबर सरकते. काल ज्याला हरित म्हटले जाई, ते आज अनेक ठिकाणी बांधकाम नियमांतच आलेले असते. छताला उष्णतारोधक थर नियमानेच बंधनकारक असेल, तर त्याचा खर्च हरितपणाच्या खाती टाकणे चुकीचे आहे, कारण साध्या घरालाही तो टळत नाही. विक्रेते मात्र दोन्ही बाजूंनी सोय पाहतात. हरित घर महाग ठरवायचे असेल, तर तुलनेला नियमांच्या अगदी काठावर बसणारे घर घेतले जाते. स्वस्त ठरवायचे असेल, तर संगमरवरी फरशीचे.

बिल न येणाऱ्या गोष्टी

कोणत्याही घराच्या खर्चावर आणि पर्यावरणावरील भारावर सर्वांत मोठा परिणाम करणारी गोष्ट म्हणजे त्याचा आकार. १५० चौरस मीटरचे घर १२० चौरस मीटरवर आणले, तर सिमेंट, सळई, फरशी, रंग, वायरिंग आणि पुढची अनेक दशके थंड किंवा उबदार ठेवायची जागा, हे सगळे एकदम घटते. खर्च अगदी त्याच प्रमाणात, म्हणजे २० टक्क्यांनी, कमी होत नाही, कारण स्वयंपाकघर आणि न्हाणीघर या महाग जागा दोन्ही घरांत तेवढ्याच राहतात. तरीही बचत इतकी होते की चांगल्या खिडक्या आणि छतावरचा थर यांचा खर्च बहुधा तीतून निघून जातो. असे असूनही ‘एक खोली कमी केली’ ही नोंद कोणत्याही हरित यादीत ठळकपणे दिसत नाही. तिच्यातून कोणाला काही विकता येत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

आकारानंतर येतो आकृतिबंध. १० मीटर बाय १० मीटरचा चौरस आणि २० मीटर बाय ५ मीटरचा आयत यांचे क्षेत्रफळ सारखेच, १०० चौरस मीटर. चौरसाची परिमिती ४० मीटर आहे, तर आयताची ५०. एवढ्याच जागेसाठी आयताकृती घराला २५ टक्के जास्त बाहेरची भिंत बांधावी लागते, तिला गिलावा करावा लागतो, रंग द्यावा लागतो, आणि उष्णतेला आत-बाहेर जायला तेवढा जास्त पृष्ठभाग मिळतो. भिंतीला जितके कोपरे, खाचे आणि पुढे आलेले भाग, तितकी मजुरी जास्त आणि पाणी झिरपायच्या जागाही जास्त. याला एक अपवाद आहे. दमट आणि उष्ण हवेत अरुंद, लांबट घरातून वारा आरपार खेळतो आणि तिथे तो लाभ जास्तीच्या भिंतीवर मात करू शकतो. हवामान बदलले की हिशेब बदलतो, हे या विषयात पुन्हा पुन्हा आठवावे लागते.

दिशेचेही तसेच. उन्हाळ्यात सकाळचा आणि संध्याकाळचा सूर्य खाली असतो, त्यामुळे पूर्व आणि पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जा कितीही पुढे काढला, तरी ऊन त्याच्या खालून आत येते. समशीतोष्ण प्रदेशात विषुववृत्ताच्या बाजूच्या भिंतीवर, म्हणजे उत्तर गोलार्धात दक्षिणेच्या भिंतीवर, दुपारचा सूर्य उन्हाळ्यात उंच आणि हिवाळ्यात खाली असतो. तिथे बेताचा छज्जा उन्हाळ्यातले ऊन अडवतो आणि हिवाळ्यातले आत येऊ देतो. मोठ्या खिडक्या कोणत्या बाजूला ठेवायच्या, हे कागदावर ठरवताना एक पैसाही जास्त लागत नाही. तीच चूक घर उभे राहिल्यावर दुरुस्त करायची म्हटली, तर बाहेरून झडपा, काचेवर फिल्म आणि जास्त क्षमतेचे वातानुकूलन यंत्र असा खर्च वाढत जातो, आणि मग लोक म्हणतात की हरित उपाय महाग असतात.

जिथे खर्च जवळपास सारखाच राहतो

सिमेंटपासून सुरुवात करू. सिमेंटचा मुख्य घटक असलेले क्लिंकर तयार करण्यासाठी चुनखडीचे मिश्रण सुमारे १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. इंधनाचा धूर तर होतोच, पण चुनखडीतूनही रासायनिक क्रियेने कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि हा दुसरा वाटा पहिल्यापेक्षा मोठा असतो. जगातील एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा साधारण ७ ते ८ टक्के मानला जातो. म्हणून क्लिंकरचा काही भाग काढून त्याजागी औष्णिक वीजकेंद्रांतली राख किंवा लोखंडाच्या झोतभट्टीतली मळी (स्लॅग) वापरली, की भार तेवढा हलका होतो. असे मिश्र सिमेंट सहसा महाग नसते. मात्र त्याची सुरुवातीची ताकद सावकाश येते, त्यामुळे साचे काढायला काही दिवस जास्त थांबावे लागते आणि पाणी मारण्याचे काम जास्त दिवस नीट करावे लागते. हा खर्च सिमेंटच्या गोणीवर छापलेला नसतो, तो वेळापत्रकात असतो. कंत्राटदाराची नाराजी बहुतेक वेळा इथूनच येते आणि ती निराधार नसते.

हलक्या, सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकची गोष्टही अशीच दुपेडी आहे. भाजलेल्या विटेचे वजन घनमीटरला साधारण १,८०० किलो असते, तर या ब्लॉकचे ५५० ते ६५०. बहुमजली इमारतीत भिंती एवढ्या हलक्या झाल्या, की तुळया, खांब आणि पाया यांवरचा भार कमी होतो आणि सळईची बचत होते. अट एवढीच, की संरचनेचे गणित करणाऱ्या अभियंत्याला हे आधी सांगितले पाहिजे. विटेच्या वजनावर गणित करून खांब ओतून झाल्यानंतर ब्लॉक आणले, तर भिंत हलकी होते पण सळईतली बचत हातची गेलेली असते. एकमजली घरात हा लाभ मुळातच थोडा असतो. शिवाय ब्लॉकच्या सांध्यांत पातळ थराचा खास मसाला लागतो, आणि भिंत खांबाला जिथे भेटते तिथे गिलाव्याखाली जाळी न लावल्यास तडे जातात. पाण्याची बचत करणारे नळ, दोन बटणांची फ्लश टाकी आणि एलईडी दिवे यांविषयी फार लिहायला नको. त्यांची परतफेड लवकर होते आणि आता तीच नेहमीची वस्तू झाली आहे.

थर किती जाड करावा?

वाढीव खर्चाचा खरा प्रश्न भिंती, छत आणि खिडक्या यांच्यापाशी येतो. उष्णता पदार्थातून किती सहज जाते हे त्याच्या रोधावर अवलंबून असते, आणि थराची जाडी वाढली की रोध त्याच प्रमाणात वाढतो. बचत मात्र त्या प्रमाणात वाढत नाही, आणि हे एकदा समजले की निम्मे अंदाजपत्रक स्वतःच तपासता येते.

१५ सेंटिमीटर जाडीचा उघडा काँक्रीट स्लॅब घ्या आणि त्यातून जाणाऱ्या उष्णतेला १०० म्हणा. त्यावर थर्माकोलसारख्या उष्णतारोधक पदार्थाचा अडीच सेंटिमीटरचा एक थर दिला, तर ही उष्णता साधारण ३० वर येते. दुसरा तेवढाच थर दिला तर १७, तिसरा दिला तर १२ आणि चौथा दिला तर सुमारे १०. पहिल्या थराने ७० वाचवले, दुसऱ्याने १३, तिसऱ्याने ५ आणि चौथ्याने २ ते ३. चारही थरांच्या सामग्रीची किंमत सारखीच आहे. तेव्हा ‘छताला इन्सुलेशन करणे परवडते का’ या प्रश्नाला एक उत्तर नाही: पहिला थर जवळपास कुठेही परवडतो, चौथा कडक थंडीच्या प्रदेशातच बहुधा परवडतो. याची दुसरीही एक बाजू आहे. थर अंथरण्याची मजुरी आणि त्यावरचे संरक्षक काम एकदाच करावे लागते, म्हणून पहिल्या वेळीच दोन थर एकत्र देणे हे आज एक आणि दहा वर्षांनी दुसरा देण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. उष्ण प्रदेशात याआधीची पायरी आणखी स्वस्त आहे. गडद रंगाची गच्ची उन्हाचा बहुतांश भाग शोषून घेते, तर नवा पांढरा परावर्तक लेप सुमारे ८० टक्के ऊन परत पाठवतो. धूळ आणि शेवाळ बसले की हा गुण घटतो, त्यामुळे लेप धुण्याचा आणि काही वर्षांनी पुन्हा देण्याचा खर्च पहिल्याच दिवशी मांडून ठेवावा.

घटत्या बचतीचा हा नियम एका ठिकाणी मोडतो, आणि हरित घरांच्या अर्थशास्त्रातला मला सर्वांत रंजक वाटणारा भाग तोच आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर, ऊर्जातज्ज्ञ अमोरी लव्हिन्स यांनी १९८४ मध्ये एक घर पूर्ण केले. हिवाळ्यात तिथे हाडे गोठवणारी थंडी असते. त्यांनी भिंती, छत आणि खिडक्या नेहमीच्या हिशेबात ‘परवडतात’ त्याहून पुष्कळ चांगल्या केल्या, इतक्या की घर तापवणाऱ्या भट्टीची गरजच उरली नाही. भट्टी, तिची नळयोजना आणि इंधनाची जोडणी यांचा वाचलेला खर्च वाढीव इन्सुलेशनच्या खर्चापेक्षा जास्त होता. त्या घरात केळी पिकतात, हे पुष्कळदा सांगितले जाते. पैशांचा हा हिशेब मात्र फारसा सांगितला जात नाही. १९९१ मध्ये जर्मनीतील डार्मस्टाट शहरात पहिली ‘पॅसिव्ह हाउस’ घरे वसली, त्यांच्यामागेही हाच विचार आहे. या पद्धतीत घर तापवण्याची गरज चौरस मीटरला वर्षाला १५ युनिट एवढीच असावी लागते, किंवा सर्वाधिक थंडीतही चौरस मीटरला १० वॉटपेक्षा जास्त लागू नये अशी अट असते. १० वॉट हा आकडा मनाला येईल तसा घेतलेला नाही: एवढीच उष्णता लागत असेल, तर ती ताज्या हवेच्या झोतातूनच घरभर पोचवता येते आणि तापवण्याची स्वतंत्र यंत्रणा टाळता येते.

यातून निघणारा धडा उष्ण प्रदेशालाही लागू आहे. थर, सावली आणि चांगली काच यांमुळे घराचा उष्णताभार तीन टनांवरून दोन टनांवर आला, तर वातानुकूलन यंत्रही दोन टनांचे घ्यायचे असते. प्रत्यक्षात यंत्र बसवणारा जुन्या सवयीने खोलीचे क्षेत्रफळ विचारतो आणि तीन टनांचेच सुचवतो. मग घरमालक दोन्हीकडे पैसे भरतो: थरालाही आणि गरज नसलेल्या टनालाही. खिडक्यांच्या बाबतीत एवढेच सांगायला हवे, की चांगल्या प्रतीची खिडकी चौरस मीटरमागे साध्या भिंतीपेक्षा बहुधा बरीच महाग असते आणि तरीही उष्णतेच्या दृष्टीने ती भिंतीपेक्षा कच्चीच राहते. म्हणून संख्येने थोड्या, जागी योग्य आणि प्रतीने उत्तम खिडक्या हाच किफायतशीर मार्ग ठरतो. तिहेरी काच सौम्य हवामानात परवडणे अवघड आहे.

पाणी आणि ऊन

पावसाचे गणित सोपे आहे: एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० चौरस मीटर छप्पर, वर्षाला १,००० मिलिमीटर पाऊस आणि गळती-बाष्पीभवनासाठी २० टक्के वजा, म्हणजे वर्षाला ८०,००० लिटर. पन्हळी आणि नळ यांना फार खर्च येत नाही. खर्च टाकीला येतो. पाऊस वर्षभर विखरून पडत असेल, तर काही हजार लिटरची टाकी पुरते. तो चार महिन्यांतच पडत असेल आणि दिवसाला ४०० लिटर लागणाऱ्या कुटुंबाला उरलेले २४० दिवस त्यावरच काढायचे असतील, तर ९६,००० लिटर साठवावे लागतील, म्हणजे छपरावर वर्षभरात मिळणाऱ्या पाण्यापेक्षाही जास्त. छप्पर तेच, पाऊस तेवढाच, पण एका ठिकाणी उपाय स्वस्त आणि दुसऱ्या ठिकाणी अवाक्याबाहेरचा. दुसऱ्या परिस्थितीत पाणी जमिनीत मुरवणे स्वस्त पडते, जरी मुरवलेले पाणी आपल्याच विहिरीत येईल याची खात्री नसली तरी. सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची यंत्रणा एकट्या घराला पैशांच्या हिशेबात सहसा परवडत नाही. तिची देखभाल अनेक घरांनी मिळून करण्याजोगी आहे.

सौर ऊर्जेत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला सुमारे साडेतीन युनिट ऊर्जा लागते. सौर बंब लख्ख उन्हाच्या दिवशी ती थेट उन्हातून देतो. वीज निर्माण करणारी पॅनेल हा निराळा विषय आहे. एक किलोवॉट क्षमतेची पॅनेल वर्षाला ढगाळ प्रदेशात सुमारे ९०० आणि उन्हाच्या प्रदेशात सुमारे १,६०० युनिट देतात. पॅनेलची हमी बहुधा २५ वर्षांची असते, परंतु पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करून देणारा इन्व्हर्टर मध्येच एकदा बदलावा लागतो आणि हा दुसरा खर्च पुष्कळ हिशेबांत गायब असतो. २०१० नंतरच्या दशकात पॅनेलच्या किमती सुमारे ९० टक्क्यांनी उतरल्या. यातून मी असा निष्कर्ष काढतो, की हाताशी पैसे मोजके असतील, तर ते आधी दिशा, भिंती, छत आणि खिडक्या यांवर घालावेत, कारण या गोष्टी नंतर बदलणे जवळपास अशक्य किंवा फार खर्चाचे असते. पॅनेल चार वर्षांनीही बसवता येतात. त्यांच्यासाठी आज फक्त गच्चीवर सावली न पडणारी जागा, वजन पेलणारा स्लॅब आणि वायर नेण्यासाठी एक मोकळी नळी ठेवली म्हणजे पुरे.

वर्षांचा हिशेब

आता वेळेचा प्रश्न. समजा एखाद्या उपायाला १०० भाग जास्त खर्च येतो आणि तो वर्षाला १० भाग वाचवतो. सरळ भागाकाराने परतफेड १० वर्षांत होते. ही पद्धत सोपी आहे, पण ती दोन गोष्टी विसरते. पहिली गोष्ट म्हणजे दहा वर्षांनी मिळणारे १० भाग आजच्या १० भागांइतके मोलाचे नसतात, कारण आजचे पैसे बँकेत ठेवले असते तर वाढले असते, किंवा कर्जाचे असतील तर त्यांवर व्याज भरावे लागते. २० वर्षे मिळणाऱ्या या बचतीचे आजच्या पैशांतले मोल ४ टक्के व्याजदराने १३६ भाग होते, ८ टक्क्यांनी ९८ आणि १२ टक्क्यांनी अवघे ७५. उपाय तोच, घर तेच. फक्त व्याजदर बदलला आणि फायद्याचा सौदा तोट्याचा झाला. विजेचे दर दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढत गेले, तर ८ टक्के व्याजदरावरही ते मोल १२२ भागांपर्यंत जाते. म्हणून कोणी फायद्याचा तक्ता दाखवला, की आधी त्यात कोणता व्याजदर आणि दरवाढ धरली आहे ते पाहावे.

दुसरी गोष्ट आयुष्याची. १० वर्षांत परतफेड करणारे पण १२ वर्षेच टिकणारे उपकरण आणि १५ वर्षांत परतफेड करणारा पण ५० वर्षे टिकणारा भिंतीचा थर यांत बहुतेक जण पहिले निवडतील. ४ टक्के व्याजदराने दर १०० भागांमागे पहिल्याचे मोल ९४ भरते आणि दुसऱ्याचे १४३. घर कर्जाने बांधले जात असेल, तर आणखी सोपी कसोटी आहे. ८ टक्के दराने २० वर्षांसाठी जास्तीचे १०० भाग घेतले, तर वर्षाचा हप्ता सुमारे १०.२ भाग वाढतो. बचत त्याहून जास्त असेल, तर पहिल्याच वर्षापासून खिशातून कमी जाते आणि परतफेडीची वाट पाहण्याचा प्रश्नच येत नाही.

कागदावरची बचत प्रत्यक्षात पूर्ण उतरतेच असे नाही. थराच्या सांध्यांत फटी राहतात, यंत्रे नीट जुळवलेली नसतात, आणि घर थंड ठेवणे स्वस्त झाले की माणसे ते आणखी थंड ठेवू लागतात. यांतल्या शेवटच्या प्रकाराला मी नुकसान म्हणणार नाही, कारण राहणाऱ्याला सुख मिळालेले असते. पण ते बिलात दिसत नाही. हवाबंद केलेल्या घरात वायुवीजनाची सोय नसेल, तर ओल आणि बुरशी हा वेगळाच खर्च मागे लागतो. शिवाय खर्च एकाने करायचा आणि बचत दुसऱ्याने घ्यायची अशी स्थिती असली, तर कोणतेच गणित चालत नाही. विकण्यासाठी बांधणारा व्यावसायिक किंवा भाड्याने देणारा मालक वीजबिल भरत नाही. त्याच्या दृष्टीने पहिला खर्च हाच एकमेव खर्च असतो, आणि वाढीव किंमत किंवा वाढीव भाडे मिळाले तरच त्याला हा व्यवहार पटतो.

मानांकन आणि अंदाजपत्रक

हरित मानांकनाचे प्रमाणपत्र आणि हरित घर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. प्रमाणपत्राला नोंदणी शुल्क, कागदपत्रे, ऊर्जेचे संगणकीय गणित आणि तपासणी यांचा खर्च येतो. घर विकायचे असेल, किंवा प्रमाणपत्रामुळे कर्जात वा करात सवलत मिळत असेल, तर तो करावा. स्वतः राहायच्या लहान घराला तेच पैसे बांधकामावर देखरेख करणाऱ्या चांगल्या अभियंत्याला देणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. थराच्या फटी प्रमाणपत्राने बुजत नाहीत.

अंदाजपत्रक मागवताना ‘हरित घराचा दर काय आणि साध्या घराचा काय’ असे विचारले, तर कंत्राटदार अनोळखी कामाची जोखीम धरून एक गोल आकडा वाढवून सांगतो. त्याऐवजी एकच आराखडा देऊन मूळ किंमत मागावी आणि तिच्याखाली प्रत्येक बदलाची वेगळी ओळ मागावी: छतावर पाच सेंटिमीटरचा थर दिल्यास किती वाढते, पश्चिमेची खिडकी गाळल्यास किती घटते, ब्लॉक वापरल्यास भिंतीचे किती आणि सळईचे किती, यंत्र एक टनाने लहान केल्यास किती. ही मागणी खांबांचे गणित होण्याआधी गेली पाहिजे, नाहीतर घटीच्या ओळी रिकाम्या येतात आणि फक्त वाढीच्या भरलेल्या येतात. या यादीत एक ओळ बहुधा कोणी मागत नाही, ती म्हणजे एक खोली कमी केल्यास किती घटते. ती ओळही लिहून घ्यावी आणि तिची रक्कम वरच्या सगळ्या वाढीव रकमांच्या बेरजेशेजारी ठेवून पाहावी.